प्रसूतीतील ॲक्युपंक्चर
प्रसूतिवेदना सुसह्य व्हाव्यात यासाठी शरीरावरील ठरावीक बिंदूंमध्ये बारीक, निर्जंतुक सुया टोचण्याची पद्धत. ॲक्युपंक्चर मूळचे चिनी असले, तरी प्रसूतिकक्षात ते विशेष रुजले ते स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क या देशांत; तेथे प्रशिक्षित प्रसविका स्वतःच सुया लावतात.

अंगठा व तर्जनी यांच्यामधला ‘हेगू’ आणि आतल्या घोट्याच्या चार बोटे वरचा ‘सानयिनजियाव’ हे बिंदू प्रामुख्याने निवडले जातात. गंमत अशी, की कळा सुरू होतील या भीतीने परंपरेने गर्भारपणात वर्ज्य ठरवलेले हेच ते बिंदू! कंबरेत कळा येत असल्यास त्रिकास्थीच्या (पाठीच्या कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकोणी हाडाच्या) छिद्रांवरील बिंदू घेतात. काही वेळा सुयांना सौम्य विद्युत्प्रवाह जोडतात.

सुईच्या संवेदनेमुळे मज्जारज्जूतच वेदनेच्या संदेशांना अटकाव होतो, असे एक स्पष्टीकरण रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांच्या १९६५ मधील ‘द्वार-नियंत्रण’ सिद्धांताच्या आधारे दिले जाते. शरीरातील एंडॉर्फिन हे नैसर्गिक वेदनाशामक द्रव्य स्रवते, हे दुसरे.

परिणामकारकतेचा प्रश्न मात्र सरळ नाही. खोट्या (तुलनेसाठी उपचाराचा केवळ भास निर्माण करणाऱ्या) सुयांशी तुलना केली, तर वेदनेच्या तीव्रतेत फारसा फरक आढळत नाही, असे वैद्यकीय संशोधनांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० मधील आढाव्यातून दिसते; तरीही वेदनाशमनाबद्दलचे समाधान वाढते आणि औषधांची गरज घटते, अशी शक्यता त्यात नोंदवली आहे. स्वीडनमध्ये ३०३ प्रथम प्रसवणाऱ्या स्त्रियांवर झालेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही हेच घडले : स्त्रियांनी सांगितलेली वेदना तिन्ही गटांत सारखीच होती, पण एपिड्युरल (पाठीच्या कण्यातून दिले जाणारे वेदनाशामक औषध) घेणाऱ्यांचे प्रमाण नेहमीच्या शुश्रूषेत ७० टक्के, नुसत्या सुया लावलेल्या गटात ६१ टक्के आणि विद्युत्प्रवाह जोडलेल्या गटात ४६ टक्के होते. वेदना तेवढीच राहून ती सोसण्याचे बळ वाढते, असा याचा अर्थ लावता येईल; मात्र कोणता उपचार चालू आहे हे त्या स्त्रीला व प्रसविकेला ठाऊक असल्याने सोबत आणि अपेक्षा यांचा वाटा त्यातून वेगळा काढणे कठीण आहे. ब्रिटनमधील ‘नाइस’ या वैद्यकीय मार्गदर्शिका काढणाऱ्या संस्थेने २०१४ च्या मार्गदर्शिकेत हा उपचार आपणहून देऊ करू नये, पण स्त्रीची इच्छा असल्यास अडवूही नये, असे सांगितले.

सुया एकदाच वापरायच्या असतात. रक्त गोठण्यात दोष असल्यास किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास हा उपचार सहसा टाळतात, तर पेसमेकर असलेल्या स्त्रीला विद्युत्प्रवाह देत नाहीत. सुया लावल्या असल्या, तरी पुढे एपिड्युरल घेण्यास आडकाठी नसते.