चवदार तळे आणि महाड नगरपालिकेचे दोन ठराव

महाडचा सत्याग्रह म्हटला की २० मार्च १९२७ हा दिवस आठवतो. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंच्या मिरवणुकीपुढे चालत चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. या तारखेच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक अशा आणखी दोन तारखा आहेत. त्या पाठ्यपुस्तकात फारशा येत नाहीत, कारण त्या दिवशी तळ्यावर काहीच घडले नाही. जे घडले ते नगरपालिकेच्या सभेत घडले. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने ठराव केला की अस्पृश्यांनी तळे वापरण्यास पालिकेची हरकत नाही. ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने तो ठराव रद्द केला.

एका लहान गावच्या पालिकेने साडेतीन वर्षांत एकदा दार उघडल्याचे कागदावर लिहिले आणि एकदा ते बंद केल्याचे लिहिले. या दोन कागदांमध्ये काय होते आणि काय नव्हते, हे समजल्याशिवाय सत्याग्रह का करावा लागला हे पुरते कळत नाही, असे मला वाटते.

आधी तळे पालिकेचे कसे, ते पाहू. आपल्याकडे गावोगावच्या नगरपालिकांची सुरुवात १८५० च्या सव्विसाव्या कायद्याने झाली. शहरवासीयांनी मागणी केली तर रस्ते, दिवाबत्ती, साफसफाई यांसाठी कमिटी नेमता येईल, असा तो कायदा होता. कमिटीवर मामलेदार, कलेक्टर आणि त्यांनी निवडलेली 'प्रतिष्ठित' मंडळी असत. लॉर्ड रिपनने १८८२ मध्ये स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला. पाठोपाठ मुंबई इलाख्यात १८८४ चा कायदा आला आणि निवडून आलेल्या सभासदांना जागा मिळू लागली. पुढे १९०१ चा मुंबई जिल्हा नगरपालिका कायदा आला. पालिकेच्या हद्दीतले सार्वजनिक रस्ते, विहिरी, तळी यांची मालकी पालिकेकडे येण्याची तरतूद या कायद्यात होती. कोरडे वाटणारे हे कलम महाडच्या गोष्टीत फार मोलाचे ठरले. चवदार तळे चार-पाच एकरांचे, पावसाच्या पाण्यावर आणि झऱ्यांवर भरणारे. ते कोणी खोदले याचा पुरावा कोणाजवळ नव्हता. मात्र ते पालिकेच्या ताब्यात होते आणि त्याच्या चारी बाजूंचे रस्तेही पालिकेचेच होते.

निवडणूक आली तरी सरसकट मताधिकार आला नव्हता. मालमत्ता असणाऱ्या आणि कर भरणाऱ्यांनाच मत होते. ज्यांना तळ्यावर येऊ दिले जात नव्हते, त्यांच्यातले फारच थोडे मतदार यादीपर्यंत पोहोचू शकत. म्हणजे तळे कोणी वापरायचे याचा निर्णय ज्या सभेत व्हायचा, तिथे तहानलेल्या माणसाचा आवाज जवळजवळ नव्हताच. त्याच्या बाजूने कोणी बोलले तर आपल्या विवेकाने बोलणार, एवढीच आशा. असा विवेक दाखवणारी माणसे त्याही आधी होऊन गेली होती. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते, तेही सरकारने नेमलेले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपये खर्चण्याचा विषय सभेपुढे आला, तेव्हा हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर लावा म्हणत त्यांनी एकट्याने विरोधी मत दिले. विषय मंजूर झालाच. पण ते एक मत नोंदले गेले, म्हणून आज आपल्याला माहीत आहे.

आता महाडच्या ठरावाकडे. त्याचा उगम मुंबईत आहे. रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात मांडलेला ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, न्यायालये आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, अशी शिफारस त्यात होती. सप्टेंबरात सरकारने आपल्या खात्यांना त्याप्रमाणे सूचना पाठवल्या. स्थानिक संस्थांवर थेट हुकूम चालवण्यापेक्षा सरकारने त्यांना अंमलबजावणीचा सल्ला देणे पसंत केले. बहुतेक पालिकांनी तो कानाआड केला. महाडने तसे केले नाही आणि याचे श्रेय त्या गावाला द्यायलाच हवे. पालिकेचे अध्यक्षपद सांभाळलेले सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस यांच्यासारखी सुधारक माणसे तिथे होती. वरिष्ठ मानल्या गेलेल्या जातीतले असूनही ते पुढे सत्याग्रहात बाबासाहेबांच्या बाजूला उभे राहिले.

पण ठरावाचे शब्द नीट पाहा. 'नगरपालिकेची हरकत नाही.' ज्यांनी नगरपालिकेची सभा पाहिली आहे, त्यांना या शब्दांचे वजन किती ते चटकन कळेल.

सभेची रीत आजही पुष्कळशी तीच आहे. विषयपत्रिका निघते. गणपूर्ती झाली की मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम होते. मग एकेक विषय पुकारला जातो. कोणी सूचक होतो, कोणी अनुमोदन देतो, विरोध नसेल तर 'सर्वानुमते मंजूर' असे लिहून पुढचा विषय. विरोध झाला तर हात वर करून मतदान, आणि मते समसमान पडली तर पीठासीन असलेल्याचे जादा मत. या पद्धतीने जे बाहेर पडते तो ठराव. ठरावाने पालिका स्वतःचे मत सांगते, खर्चाला मंजुरी देते, मुख्याधिकाऱ्यांना काम लावते. गावातल्या तिऱ्हाईत माणसाने कसे वागावे हे बांधून द्यायचे असेल, तर ठराव पुरत नाही. त्यासाठी उपविधी लागतो. बाजारात गाळा कुठे लावायचा, ढोरे मोकाट सोडली तर काय, नळजोडणीचे नियम कोणते, कचरा वेगळा न केल्यास दंड किती, हे सगळे उपविधीचे विषय. उपविधीचा मसुदा आधी प्रसिद्ध होतो, लोकांच्या हरकती आणि सूचना मागवल्या जातात, सभेत मंजुरी होते आणि मग तो सरकारच्या मान्यतेला जातो. मान्यता मिळून प्रसिद्ध झाला की त्याला कायद्याचे बळ येते, मोडणाऱ्याला दंड करता येतो. रद्द करायचा तर पुन्हा ही सगळी वाट चालावी लागते.

१९०१ च्या कायद्यातही ठराव आणि उपविधी यांत असा भेद होता. महाडने १९२४ मध्ये केला तो ठराव, तोही 'हरकत नाही' एवढ्यापुरता. तळ्यावर पाणी भरायला आलेल्या माणसाला कोणी अडवले तर अडवणाऱ्याचे काय करायचे, याबद्दल त्यात काही नव्हते. पालिकेचा शिपाई तळ्यावर उभा राहणार नव्हता. आणि जो ठराव एका सभेत होतो, तो दुसऱ्या सभेत मोडताही येतो.

झाले तेच. ठरावानंतर तीन वर्षे उलटली तरी एकही अस्पृश्य तळ्यावर पाणी प्यायला गेला नाही. याचे चित्र बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. महाड हे तालुक्याचे ठिकाण. आसपासच्या खेड्यांतले महार बाजारहाटाला येत, वतनी कामापायी सरकारी कागद पोचवायला आणि वसूल भरायला येत. मैलोन्‌मैल चालून आलेल्या माणसाला तहान लागली तर गावात बाहेरच्यांसाठी सार्वजनिक पाणवठा एकच, चवदार तळे. तिथे मुसलमान, ख्रिस्ती कोणीही पाणी घेऊ शके. याला मात्र गर्दीच्या बाजारातून वाट काढत गावाच्या टोकाला अस्पृश्यांच्या वस्तीतल्या विहिरीवर जावे लागे, नाहीतर कोरड्या घशाने घर गाठावे लागे. सरकारी काम करायला यायचे आणि सरकारी तळ्याचे पाणी प्यायचे नाही. पालिकेच्या दप्तरात 'हरकत नाही' लिहिलेले असताना हे रोज घडत होते.

मुंबईत बोल्यांच्याही हे लक्षात आले होते. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी दुसरा ठराव मंजूर करून घेतला. पहिल्या ठरावाची अंमलबजावणी न करणाऱ्या नगरपालिका आणि लोकल बोर्डांची सरकारी मदत थांबवावी, अशी त्यात शिफारस होती. शिफारशीला दात बसवण्याचा हा प्रयत्न होता, पण तीही शिफारसच होती.

शेवटी दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, टिपणीस आदी मंडळींनी १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडमध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरवली. परिषदेला आलेल्यांना पिण्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. ज्या गावाच्या पालिकेने तळे खुले केले होते, त्या गावात. दुसऱ्या दिवशी सारे तळ्यावर गेले. ते काही नवीन मागत नव्हते. पालिकेने जे दिले म्हणून लिहिले होते ते घ्यायला गेले होते. पाणी पिऊन परतल्यावर हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठवली गेली. जेवायला बसलेल्या, घरी निघालेल्या माणसांवर लाठ्या घेऊन जमाव तुटून पडला. मग पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली.

यानंतर पालिकेला भूमिका घ्यावी लागणार होती आणि ती तिने ४ ऑगस्ट १९२७ रोजी घेतली. १९२४ चा ठराव रद्द. बोल्यांच्या पहिल्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे होत होती. मला या तारखेचे वाईट वाटते ते वेगळ्या कारणाने. तीन वर्षे कोणी वापरला नाही तोवर हा ठराव कोणालाच खुपला नाही. ज्यांच्यासाठी केला त्यांनी तो खरा मानला आणि सहा महिन्यांच्या आत तो गेला.

बाबासाहेबांनी ते आव्हान घेतले. २५ डिसेंबरला महाडमध्ये पुन्हा सत्याग्रह जाहीर झाला. त्याआधी, १२ डिसेंबरला, गावातल्या काही स्पृश्य रहिवाशांनी दिवाणी न्यायालयात दावा लावला. तळे वापरण्याचा हक्क पूर्वापार वहिवाटीने फक्त स्पृश्यांचा आहे, असे त्यांचे म्हणणे. दोन दिवसांत तात्पुरता मनाई हुकूमही मिळाला. डिसेंबरच्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले, पण हजारो सत्याग्रही तयार असूनही न्यायालयाचा हुकूम मोडायचा नाही असे ठरले. लोक मिरवणुकीने तळ्याला वळसा घालून परतले. पालिकेच्या सभेत आवाज नव्हता, तळ्यावर लाठी होती. आता हा प्रश्न कोर्टात सोडवायचा, असा तो निर्णय होता आणि त्याला नऊ वर्षांहून अधिक काळ लागला.

कोर्टात दोन्ही ठराव बाजूला पडले आणि ते जुने, कोरडे कलम पुढे आले. तळे कोणाचे? खाजगी मालकी सिद्ध होईना, तळे पालिकेचेच ठरले. मग वादींच्या हाती उरली ती वहिवाट. खालच्या न्यायालयाने १९३१ मध्ये दावा फेटाळला. अस्पृश्यांना वगळण्याचा रिवाज दीर्घकाळ दिसतो, पण त्यातून वादींना कायदेशीर हक्क मिळत नाही, असे त्याने म्हटले. ठाण्याच्या अपिलात १९३३ मध्ये निकाल त्यांच्या विरुद्धच गेला. शेवटी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर या अपिलाचा निकाल दिला. वादी म्हणतात तशी अनादि काळापासूनची वहिवाट शाबीत झालेली नाही, असे म्हणून अपील फेटाळले. तारीख होती १७ मार्च १९३७. पहिल्या सत्याग्रहाला दहा वर्षे पुरी व्हायला तीन दिवस बाकी होते.

स्वातंत्र्यानंतर सभागृहात बसणारी माणसे बदलली. प्रौढ मताधिकार आला, १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषद कायदा आला. १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जाती, जमाती आणि महिलांसाठी राखीव जागा सक्तीच्या केल्या. महाराष्ट्रात महिलांचा वाटा २०११ मध्ये निम्म्यावर गेला. नगरपरिषदेचा ठराव लोकहिताला बाधक वाटला तर त्याची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांना आहे. १९२४ चा ठराव रद्द करणारी सभा आज भरली असती, तर तिच्यात अनुसूचित जातीचे नगरसेवक बसलेले असते आणि त्यांचा विरोध नावानिशी इतिवृत्तात गेला असता.

आणि मूळ प्रश्न तर सभेच्या हाती राहिलेलाच नाही. विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते, जी काही ठिकाणे पूर्णतः किंवा अंशतः सरकारी पैशातून चालतात किंवा सर्वसाधारण जनतेसाठी आहेत, त्यांच्या वापरापासून धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही रोखता येणार नाही, असे राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदात लिहिले आहे. बोल्यांच्या १९२३ च्या ठरावाशेजारी ठेवून तो वाचला, तर सार्वजनिक पैशाची तीच कसोटी आणि पाणवठ्यांची तीच नावे दिसतात. घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते महाडच्या खटल्यातले प्रतिवादी क्रमांक एक.