रोज १ टक्का, वर्षात ३७ पट?

'रोज फक्त १ टक्का सुधारा, वर्षात ३७ पट व्हाल' हा मेसेज लातूरच्या अभ्यासिकांत वर्षानुवर्षं फिरतोय. आकडेमोड बरोबरच आहे: १ला १.०१ने ३६५ वेळा गुणलं की ३७.७८ येतात. पण ही चक्रवाढ झाली. हाताचं कसब तसं वाढत नाही. टायपिंगच घ्या. मिनिटाला ३० शब्दांचे ३७ पट म्हणजे ११००च्या वर! दर रविवारी आपला वेग वहीत मांडा. आधी भरभर चढतो, मग रेंगाळतो. (रेंगाळला तरी बिघडत नाही, क्लार्क-टायपिस्टला मराठीचा ३०चाच वेग लागतो.)

पैशात मात्र हा हिशेब महागात पडतो. कुणी 'रोज १ टक्का' देतो म्हणालं, तर १० हजारांचे वर्षात पावणेचार लाख कुठून आणणार, हे विचारा. बँकेचा व्याजदर वर्षाचा असतो, दिवसाचा नव्हे.