शिया बटर : निवड आणि साठवण

शिया बटर हा शिया वृक्षाच्या (विटेलारिया पॅराडॉक्सा) बियांतील मगजापासून काढलेला वनस्पतिजन्य स्नेह (मेद) आहे. नैसर्गिक उत्पादनांच्या दुकानांत तो त्वचेला व केसांना लावण्यासाठी, तसेच घरगुती साबण आणि मलमे करणाऱ्यांसाठी कच्चा माल म्हणून विकला जातो. सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर मात्र बहुधा ‘ब्युटिरोस्पर्मम पार्काय’ हे जुने शास्त्रीय नाव असते. ते मुंगो पार्क या स्कॉटिश प्रवाशावरून पडले. त्याने १७९० च्या दशकात नायजर नदीच्या खोऱ्यात या झाडाची नोंद केली होती.

हा वृक्ष सेनेगलपासून युगांडा-इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात आढळतो. त्याची लागवड क्वचितच होते. शेत साफ करताना शेतकरी ही झाडे राखून ठेवतात. फळ धरायला पंधरा-वीस वर्षे लागत असल्याने सहसा कोणी ती तोडत नाही. मे ते ऑगस्टच्या सुमारास फळे गळतात आणि गावातील स्त्रिया ती वेचतात. गर काढून बिया उकळणे, वाळवणे, फोडणे, मगज भाजून दळणे, पाणी घालून तो लगदा हाताने फेसणे, वर आलेला स्नेह धुऊन कढवणे आणि गाळणे अशी ही पारंपरिक पद्धत आहे. कष्टाचे जवळपास सारे काम स्त्रियाच करतात.

मालाचा दर्जा गावातच ठरतो, दुकानदार तो फक्त टिकवू शकतो. फळ गळल्यावर बी लवकर उकळली नाही तर तिला मोड येऊ लागतात, आतील विकरे (एन्झाइम) स्नेहाचे विघटन करतात आणि मुक्त मेदाम्लांचे प्रमाण वाढते. मगज दमट राहिला तर बुरशी धरते. धुरावर वाळवलेल्या मगजात घातक बहुचक्रीय हायड्रोकार्बने उतरू शकतात. म्हणून पुरवठादाराकडे त्या विशिष्ट घाण्याचा (एका वेळी काढलेल्या मालाचा) चाचणी अहवाल मागावा. ‘शुद्ध’, ‘सेंद्रिय’ ही विशेषणे त्याची जागा घेऊ शकत नाहीत. अशुद्धीकृत शिया बटरसाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेचे २०१७ चे आफ्रिकी प्रादेशिक मानक आहे. त्यात पहिल्या प्रतीसाठी मुक्त मेदाम्ले कमाल १ टक्का व पेरॉक्साइड मूल्य (खवट होऊ लागल्याचे माप) कमाल १०, तर दुसऱ्या प्रतीसाठी अनुक्रमे ३ टक्के व १५ अशी मर्यादा आहे. थेट त्वचेवर लावण्यासाठी विकायचा माल पहिल्या प्रतीचाच घ्यावा, साबणासाठी दुसरी प्रत चालते.

हाताने काढलेल्या चांगल्या बटरचा रंग हस्तिदंती ते फिकट पिवळा असतो आणि वास भाजलेल्या बियांचा, किंचित धुरकट. गडद पिवळ्या मालाबद्दल विचारणा करावी. घानात काही ठिकाणी एका मुळीने त्याला रंग देतात, तर कधी पेंटाडेस्मा या वेगळ्याच झाडाचा पिवळा स्नेह शिया म्हणून विकला जातो. शुद्धीकृत बटर पांढरे व गंधहीन असते. शुद्धीकरणात शियाचे वैशिष्ट्य असलेले असाबणीय (साबणात न बदलणारे) घटक काही प्रमाणात कमी होतात. वास न सोसणारे गिऱ्हाईक असतेच, त्यामुळे दोन्ही ठेवायला हरकत नाही, पण डब्यांवर फरक स्पष्ट लिहावा. युगांडा व दक्षिण सुदानकडील निलोटिका उपजातीच्या बटरमध्ये ओलेइक आम्ल अधिक असल्याने ते मऊ असते आणि उष्णतेत लवकर पातळ होते.

शिया बटर साधारण ३२ ते ३८ अंश सेल्सियसला वितळते. विदर्भातल्या मे महिन्यात मालवाहू गाडीत ते पूर्ण पातळ होणारच. मग हळूहळू थिजताना त्यातील स्टिअरिक आम्लयुक्त घटक आधी स्फटिक धरतात आणि बटर रवाळ होते, घरच्या तुपासारखे. हा माल खराब नसतो. गिऱ्हाइकाला तसे समजावून सांगावे. मंद आचेवर पूर्ण वितळवून झटपट थंड केल्यास कणी जाते. खवट वास मात्र कशानेही जात नाही. महाराष्ट्रातील दुकानाने वर्षाचा साठा हिवाळ्यात मागवणे श्रेयस्कर, तेव्हा नव्या हंगामाचा माल मिळतो आणि वाटेत वितळत नाही.

साठा हवाबंद, अपारदर्शक डब्यात, थंड व कोरड्या जागी ठेवावा आणि आधी आलेला आधी विकावा. बटरमध्ये पाणी नसल्याने संरक्षक द्रव्य लागत नाही, पण ओला चमचा बुडाला की बुरशीला वाव मिळतो. त्यामुळे उघड्या पिंपातून सुटी विक्री टाळलेली बरी. प्रसाधन म्हणून आयात वा उत्पादन करण्यासाठी भारतात २०२० चे प्रसाधन नियम लागू होतात. कच्च्या मगजाच्या निर्यातीवर बुर्किना फासोने २०२४ मध्ये व नायजेरियाने २०२५ मध्ये निर्बंध घातले. प्रक्रियेचे उत्पन्न आपल्या देशात राहावे, हा त्यामागचा रास्त हेतू आहे. स्त्रियांच्या सहकारी संस्थेकडून तयार बटर घेणारे दुकान याच हेतूला हातभार लावते.

शियासारखे स्नेह आपल्याकडेही आहेत. मोह हा शियाच्याच कुळातला (सॅपोटेसी) वृक्ष आहे. भेगाळलेल्या टाचांसाठी कोकणात व गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या वापरले जाणारे भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचा स्नेह, शियापेक्षा कठीण असते आणि उन्हाळ्यात अधिक टिकते. युरोपीय संघाच्या चॉकलेटविषयक नियमांत कोको बटरऐवजी मर्यादित प्रमाणात चालणाऱ्या सहा वनस्पतिस्नेहांत शिया आणि कोकम दोन्ही आहेत. कोकणाजवळच्या दुकानाने शियाच्या शेजारी भिरंडेल ठेवावे.