रिपोर्ट नॉर्मल आल्यानंतरचे उपचार

छातीत धडधडते, हातापायांना मुंग्या येतात, पोटात गोळा उठतो किंवा एक पाय अचानक उचलेनासा होतो, अशा तक्रारी घेऊन कोकणातली माणसे बरीच वणवण करतात. सिंधुदुर्गातला रुग्ण गोव्यातले बांबोळीचे सरकारी रुग्णालय गाठतो, रत्नागिरीतला कोल्हापूर आणि रायगडातला मुंबई. ईसीजी, सोनोग्राफी, प्रसंगी एमआरआयही होतो आणि शेवटी ‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका’ असे ऐकून तो घरी परततो. पुढे गावात गाऱ्हाणे घातले जाते, कौल लावला जातो. तक्रार मात्र जागच्या जागी राहते. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे एका प्रकारचा बिघाड नाही एवढेच सिद्ध होते, आजार नाही असे सिद्ध होत नाही. मन आणि शरीर यांच्या परस्परसंबंधातून उद्भवणाऱ्या, म्हणजेच मनोकायिक आजारांवरचे उपचार खऱ्या अर्थाने तिथूनच सुरू व्हायला हवेत.

भीतीच्या झटक्याचेच उदाहरण घ्या. भीती वाटली की श्वास जलद होतो आणि शरीराला हवा असलेला कार्बन डायऑक्साइडही बाहेर पडत राहतो. रक्तातले त्याचे प्रमाण उतरले की रक्ताची आम्लता घटते, त्यामुळे रक्तातले कॅल्शियम प्रथिनांना अधिक चिकटते आणि मोकळे कॅल्शियम कमी पडते. मग चेतातंतू विनाकारण चाळवले जातात, ओठांभोवती व बोटांना मुंग्या येतात आणि कधी कधी हाताची बोटे वळून ताठ होतात. हा सगळा प्रकार शरीरातच घडतो, रसायनशास्त्राच्या नियमांप्रमाणे घडतो, पण झटका ओसरल्यावर काढलेल्या ईसीजीत त्याचा मागमूसही नसतो. (अशा वेळी तोंडाला कागदी पिशवी लावण्याचा जुना उपाय आता सुचवला जात नाही, कारण तक्रार हृदयाची किंवा दम्याची असेल तर तो जिवावर बेतू शकतो.) पोटाच्या तक्रारींचेही तसेच आहे. आतड्यांच्या भिंतीत दहा कोटींहून अधिक चेतापेशी आहेत आणि व्हेगस नावाच्या चेतेमार्फत त्यांचा मेंदूशी दोन्ही बाजूंनी सतत संवाद चालू असतो.

अशा आजाराचे निदान ‘काहीच सापडले नाही, म्हणून मानसिक’ अशा वजाबाकीने करणे ही जुनी आणि घातक सवय आहे. चांगला डॉक्टर निदानासाठी ठोस खुणा शोधतो. पाय लुळा पडलेल्या रुग्णाला उताणे झोपवून, त्या पायाच्या टाचेखाली तळहात ठेवून ‘टाच खाली दाबा’ असे सांगितले, तर जोर लागत नाही. मग त्याच अवस्थेत ‘आता दुसरा, चांगला पाय वर उचला’ असे सांगून त्या पायाला हाताने विरोध केला, की लुळ्या पायाची टाच डॉक्टरच्या तळहातावर आपोआप जोराने दाबली जाते. हूवर या अमेरिकन डॉक्टरांनी 1908 मध्ये वर्णन केलेली ही खूण आहे. स्नायू आणि चेतामार्ग शाबूत आहेत, पण त्या पायाकडे लक्ष वळले की हालचाल अडते, हे तिच्यातून कळते. पूर्वी तिचा वापर रुग्णाला ‘पकडण्यासाठी’ होत असे. आता अनेक मेंदूविकारतज्ज्ञ ती रुग्णाला आणि नातेवाइकांना मुद्दाम दाखवतात, कारण पायात ताकद आहे हे स्वतः पाहिलेला रुग्ण पुढच्या व्यायामाला निराळ्या विश्वासाने लागतो. ढोंगाचा आरोप इथे लागू होत नाही. टाच दाबली गेली हे रुग्णाला स्वतःलाही ठाऊक नसते.

जॉर्ज एंगेल या अमेरिकन डॉक्टरांनी 1977 मध्ये शरीर, मन आणि सामाजिक परिस्थिती यांचा एकत्रित विचार करणारी मांडणी केली. अमेरिकी मनोविकार वर्गीकरणाच्या 2013 च्या आवृत्तीनेही ‘वैद्यकीय कारण न सापडणे’ ही शारीरिक लक्षणांच्या मनोविकाराची अट काढून टाकली. म्हणजे मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या माणसालाही हा त्रास असू शकतो. अपस्माराच्या काही रुग्णांना तर खऱ्या फिटसोबत फिटसारखे दिसणारे निराळे झटकेही येतात, आणि ते वेगळे ओळखण्यासाठी मेंदूचा आलेख व चित्रीकरण एकाच वेळी करावे लागते.

यातल्या बहुतेकांना दवाखान्यात राहावे लागत नाही, ओपीडीतले उपचार पुरतात. चालणे-खाणे बंद झाले असेल, झटके वरचेवर येत असतील, सोबत तीव्र नैराश्य किंवा आत्महत्येचा विचार असेल, किंवा घरातल्या वातावरणात सुधारणा अशक्य झाली असेल, तर दाखल करणे योग्य ठरते. जर्मनीत 1992 पासून मनोकायिक उपचारांचे स्वतंत्र विशेषज्ञ तयार होतात आणि तिथल्या मनोकायिक वॉर्डांत रुग्ण काही आठवडे राहतात. आपल्याकडे सर्वसाधारण रुग्णालयात मनोविकार विभाग असावा हा विचार जुना आहे: गिरींद्रशेखर बोस यांनी 1933 मध्ये कोलकात्यात आणि के. के. मसानी यांनी 1938 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तो प्रत्यक्षात आणला. रत्नागिरीचे मनोरुग्णालय त्याहून जुने, 1886 चे; पण पोटदुखीच्या रुग्णाला तिथे जा म्हटले तर तो दचकतो, आणि ते स्वाभाविक आहे. म्हणूनच जिल्हा रुग्णालयात, मेडिसिनच्या वॉर्डाला लागून ही सोय असणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

वॉर्डातला दिवस सलाइन लावून पडून राहण्याचा नसतो. सक्तीची विश्रांती इथे बहुधा अपायच करते, कारण न वापरलेले स्नायू थकतात आणि थकवा हाच आजाराचा नवा पुरावा ठरतो. फिजिओथेरपिस्ट रुग्णाला पायाकडे न बघता, गप्पा मारत किंवा उलटे चालायला लावतो. रोजच्या हालचालीचे प्रमाण ठरवून थोडे थोडे वाढवले जाते. सायकोथेरपीच्या बैठकांत लक्षण केव्हा सुरू झाले, त्या वेळी मनात कोणता विचार आला आणि मग रुग्णाने काय केले, याची नोंद घेऊन ही साखळी कुठे तोडता येईल ते पाहिले जाते. गटातल्या चर्चेत इतरांचीही हीच तक्रार ऐकून अनेकांचा एकटेपणा कमी होतो. गरजेनुसार औषधे असतातच. अमिट्रिप्टिलिनसारखे मूळचे नैराश्यावरचे औषध अल्प मात्रेत पोटाच्या जुनाट दुखण्यावरही दिले जाते.

या उपचारांबद्दल अवास्तव आशा बाळगू नये. फिटसारख्या झटक्यांच्या 368 रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, विचार-वर्तन उपचार घेतलेल्यांचे महिन्याचे झटके वर्षअखेरीस लक्षणीयरीत्या कमी झाले नाहीत. मात्र त्यांचे रोजचे जगणे आणि कामकाज सुधारले. ज्या घरात आई सहा महिने स्वयंपाकघरात गेलेली नाही, त्या घराला हा फरक क्षुल्लक वाटणार नाही.

नातेवाईक सोबत राहणे ही आपल्या रुग्णालयांची मोठी ताकद आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी 1950 च्या दशकात कुटुंबांना आवारात तंबू ठोकून राहू दिले होते. कोकणात मुलगा मुंबईला चाकरमानी आणि सोबतीला सून किंवा बहीण, असे अनेकदा असते, तेव्हा दोघांनाही एकदा तरी बैठकीला बोलावणे आवश्यक ठरते. प्रेमापोटी पाण्याचा तांब्याही हातात देणारी बहीण नकळत आजार टिकवत असते, हे तिला न दुखावता सांगावे लागते. देवस्थानावरची श्रद्धा सोडायला सांगण्याची गरज नसते. गोळ्या आणि व्यायाम मध्येच थांबणार नाहीत एवढे पाहिले म्हणजे पुरे.

घरी सोडतानाच्या कागदावर लक्षण पुन्हा उद्भवले तर पहिल्या तासात काय करायचे, कोणती तपासणी आता पुन्हा करायची नाही आणि कोणत्या नव्या चिन्हांसाठी मात्र तातडीने यायचे, हे मराठीत लिहून हवे. पावसाळ्यात घाट बंद पडतो तेव्हा पुढची बैठक फोनवरही होऊ शकते, शिवाय सरकारची टेलिमानस ही सेवा 14416 वर चोवीस तास चालू असते. खर्चाबाबत, 2018 पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार विमा कंपन्यांना शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही संरक्षण देणे बंधनकारक आहे, त्यामुळे दाखल होण्यापूर्वी पॉलिसीची कागदपत्रे रुग्णालयाच्या विमा खिडकीवर दाखवून घ्यावीत.