इंग्लंडचा गाऊन आणि जर्मनीचा टालार

युरोपातील प्राध्यापक म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पायघोळ काळा झगा येतो, आणि तो ऑक्सफर्डचा असो की हॅम्बुर्गचा, आपल्या लेखी एकच असतो. दोन्हींचे मूळ मध्ययुगातील धर्मगुरूंच्या पोशाखात आहे, म्हणून हा घोटाळा समजण्याजोगा आहे. तरीही इंग्रजी गाऊन पदवीशी जोडलेला आहे आणि जर्मन झगा, म्हणजे टालार, पदाशी, आणि हा फरक लक्षात घेतल्याशिवाय दोन्ही देशांत या झग्याचे पुढे काय झाले, ते नीट उमगत नाही.

ऑक्सफर्डमध्ये नवा विद्यार्थीही गाऊनचा धनी असतो. त्याचा गाऊन आखूड आणि बिनबाह्यांचा असतो व खांद्यांवरून कापडाच्या दोन पट्ट्या लोंबतात. स्कॉलर, म्हणजे गुणवत्तेवर शिष्यवृत्ती मिळवलेले, ठरलेल्यांचा त्याहून लांब असतो. एम.ए.च्या गाऊनची बाही तर खाली चक्क शिवून बंद केलेली असते आणि हात कोपराजवळच्या फटीतून बाहेर काढावा लागतो. शिकवणारा आणि शिकणारा अशा रीतीने एकाच जिन्याच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर उभे दिसतात. रोजच्या व्याख्यानाला आता कोणी गाऊन घालत नाही. तो परीक्षा, औपचारिक भोजन आणि पदवीदान यांपुरता उरला आहे. मुंबई विद्यापीठ 1857 साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले, तेव्हा आपल्याकडे आली तीही हीच रीत, आणि म्हणूनच आपल्या पदवीदान समारंभात विद्यार्थ्याच्या अंगावर गाऊन दिसतो.

जर्मनीत टालार हा अधिकाराचा पोशाख होता. प्रशिया या जुन्या जर्मन राज्यात न्यायाधीश आणि पाद्रीही टालार घालत. विद्यापीठात तो कुलगुरू, अधिष्ठाते आणि प्राध्यापक यांचा असे. विद्यार्थ्याला त्यात वाटा नव्हता. 9 नोव्हेंबर 1967 रोजी हॅम्बुर्ग विद्यापीठात नव्या कुलगुरूंच्या पदग्रहणासाठी टालारधारी प्राध्यापकांची मिरवणूक सभागृहाच्या पायऱ्या उतरत असताना डेटलेफ आल्बर्स आणि गेर्ट हिनर्क बेल्मर हे दोन विद्यार्थी एक काळा फलक धरून तिच्या पुढे चालू लागले. त्यावर लिहिले होते : ‘टालारांखाली हजार वर्षांचा कुबट वास’. हजार वर्षांचा उल्लेख हिटलरच्या ‘हजार वर्षांच्या’ राज्याला उद्देशून होता, आणि मागून येणाऱ्या प्राध्यापकांना तो मजकूर दिसतही नव्हता. प्राच्यविद्येचे प्राध्यापक बेर्टोल्ड श्पूलर यांनी तर विद्यार्थ्यांना उद्देशून तुम्ही सगळे छळछावणीतच शोभाल, असे ओरडून सांगितले. फलकावरील आरोप खरा ठरवायला याहून मोठा पुरावा कोणता द्यावा! पुढे पश्चिम जर्मनीतील बहुतेक विद्यापीठांत टालार कपाटात गेला.

याच्या नेमके उलट, ऑक्सफर्डमध्ये 2015 साली विद्यार्थ्यांनी मतदान केले, तेव्हा तीन-चतुर्थांशांहून अधिक मते परीक्षेला गाऊन ठेवण्याच्या बाजूने पडली. इंग्रज विद्यार्थी परंपरेला अधिक चिकटून असतो, असे याचे कारण सांगितले जाते. मला ते अपुरे वाटते. स्वतःच्या खुंटीवर टांगलेला झगा आणि केवळ समोरच्याच्या अंगावर दिसणारा झगा यांच्याकडे माणूस एकाच नजरेने पाहील कसा?

अलीकडे बॉन विद्यापीठातील पदवीधर गाऊन घालून टोप्या हवेत उडवतात. हा टालारच परत आला, असे समजणे चुकीचे ठरेल. विद्यार्थ्यांनी अंगावर चढवलेला हा झगा इंग्रजी-अमेरिकी वळणाचा आहे.