श्रीखंडाच्या डब्यातला पहारेकरी

आमच्या शहापुरात नळाला पाणी यायच्या आधी नळ फुसफुसतो. पाइपात अडकलेली हवा पुढे आणि तिच्यामागून पाणी. बेळगावच्या काही भागांत पाणी चोवीस तास असतं, पण आमची गल्ली त्यांत नाही. आमच्याकडे ते चार-पाच दिवसांनी येतं आणि बहुधा पहाटे. इतकी वर्षं शेजारच्या अक्का जाग्या असायच्या. कुंपणापलीकडून "नीर बंत्री!" अशी हाक आली, म्हणजे पाणी आलं हो, की आमच्याकडे कळश्या-पिंपांची धावपळ सुरू. गेल्या उन्हाळ्यात अक्का महिनाभर लेकीकडे गोकाकला गेल्या आणि दोन वेळा पाणी येऊन गेलं तरी आम्हांला पत्ता नाही. आई म्हणाली, "एवढ्या वायरी आणून ठेवल्यायस, त्यातून एक घंटा होत नाही होय रे?"

वायरींबरोबर घरात एक अर्डुइनो उनो बोर्ड पडून होता. इटलीतल्या इव्रिया गावी २००५ साली शिकणाऱ्या मुलांसाठी पहिला अर्डुइनो बोर्ड तयार झाला. तिथल्या एका बारचं नाव त्याला मिळालं आणि त्या बारला तिथल्या जुन्या राजाचं. बोर्डावरची खरी कामकरी वस्तू म्हणजे एटीमेगा ३२८पी नावाची चिप. हिलाच मायक्रोकंट्रोलर म्हणायचं. कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर, स्मृती आणि बाहेरच्या जगाशी बोलायच्या वाटा वेगवेगळ्या असतात, इथे सगळं एकाच काळ्या वडीत. प्रोग्रॅम ठेवायला ३२ किलोबाइट, चालू कामाची आकडेमोड करायला फक्त २ किलोबाइट. देवनागरीचं एक चिन्ह साठवायला साधारण तीन बाइट लागतात. म्हणजे हा लेख तिच्या प्रोग्रॅमच्या जागेत आरामात मावेल, पण कामाच्या जागेत इथपर्यंतसुद्धा मावायचा नाही. एवढ्याशा डोक्यात घंटा वाजवण्याची अक्कल मात्र भरपूर बसते.

पहिला प्रयोग मी अर्ध्या तासात उरकला. श्रीखंडाच्या रिकाम्या प्लास्टिक डब्याच्या तळाला बारीक भोक पाडलं आणि डबा नळाखाली ठेवला. पाणी आलं की डबा भरणार, गेलं की भोकातून रिकामा होणार. डब्यात तांब्याच्या दोन तारा सोडल्या, एक ५ व्होल्टला आणि दुसरी चिपच्या पिनेला जोडलेली. पाण्यातून वीज वाहिली की पिनेला व्होल्टेज मिळेल आणि बझर वाजेल. अंगणातून स्वयंपाकघरापर्यंत आठ मीटर वायर ओढली आणि निवांत झोपलो.

सकाळी बझर वाजला. धावत गेलो तर नळ कोरडा. आई मिक्सरवर चटणी वाटत होती. मिक्सर थांबवला, बझर थांबला. पुन्हा लावला, पुन्हा वाजला.

डबा कोरडा असताना त्या पिनेला कुणाचाच आधार नव्हता. ती शून्य व्होल्टला जोडलेली नव्हती की पाचला, नुसती लोंबकळत होती. अशी पिन स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे कुणी जरासं ढकललं तरी ती हलते. आठ मीटरची वायर म्हणजे चांगली लांब अँटेना. घरातल्या विजेची दिशा सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते, तिचं विद्युत क्षेत्र वायरीला झोके देत होतं आणि चिप त्या झोक्यांना पाणी समजत होती. इलाज सोपा. पिनेला एका रेझिस्टरने, म्हणजे विजेला अडवणाऱ्या छोट्या भागाने, शून्य व्होल्टला पक्कं बांधायचं, म्हणजे काही घडत नसेल तेव्हा ती ठरलेल्या जागी बसून राहील. मी १० किलोओहमचा लावला, दुकानात 'टेन के' म्हणून मागितला की मिळतो. तरी मिक्सरची थोडी थरथर उरलीच. मग चिपला सांगितलं की एका वाचनावर विश्वास ठेवू नकोस, २० मिलिसेकंदांत शंभरावर वाचनं घे आणि सरासरी काढ. हे २० मिलिसेकंद मनात आले म्हणून घेतले नाहीत. ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन बरोबर तेवढ्याच वेळात पुरं होतं. त्यात वर जितकं ढकललं जातं तितकंच खाली, आणि सरासरीत दोन्ही कटतात. तारांचा पेच सोडवल्यावर मिळाला नव्हता इतका आनंद मला या एका बेरजेने दिला.

दुसरं दुखणं पंधरवड्यानंतर दिसलं. एक तार होती तशी आणि दुसरी झिजून सुतासारखी, वर हिरवट थर. भोक कचऱ्याने तुंबल्यामुळे डब्यात तळाला पाणी साचून राहिलं होतं आणि त्यातून दिवसरात्र एकाच दिशेने वीज वाहत होती. घरच्या घरी विद्युत अपघटन! धन बाजूच्या तारेतला तांब्याचा अणू इलेक्ट्रॉन सोडतो आणि आयन होऊन पाण्यात उतरतो. ऋण बाजूला हायड्रोजनचे बुडबुडे. प्यायच्या पाण्यात असं तांबं उतरणं बरं नव्हे, म्हणून डब्यातलं पाणी झाडांनाच घालायचं, असा नियम केला. तारा काढून स्टेनलेस स्टीलचे दोन स्क्रू आणले, उद्यमबागेत लेथवर काम करणाऱ्या मित्राने डब्याला घट्ट बसतील असे नायलॉनचे बुशही काढून दिले. (फाउंड्री आणि लेथच्या गावात राहण्याचा हा फायदा.) नुसत्या स्टीलनेही भागत नाही. आता स्क्रूंना वीज सतत मिळत नाही. क्षणभर एका दिशेने देऊन मोजायचं, मग तितकाच वेळ उलट दिशेने द्यायची, की बंद. जे अपघटन एकीकडे होतं ते बरंचसं परत फिरतं.

चिप व्होल्टेज मोजते ते ० ते १०२३ या आकड्यांत. ५ व्होल्टचे १०२४ भाग केले तर एकेक पायरी पाच मिलिव्होल्टला जराशी कमी. स्क्रूंच्या नव्या जोडणीत पिन शून्याऐवजी ५ व्होल्टला रेझिस्टरने बांधली आहे आणि पाणी तिला खाली ओढतं. त्यामुळे डबा कोरडा असला की आकडा १०२३ च्या जवळ असतो, नळाचं पाणी आलं की ५०० च्या आसपास उतरतो. मग ७५० च्या खाली म्हणजे पाणी, वर म्हणजे नाही, असं ठरवलं तर चुकलंच. पाणी ओसरताना स्क्रूंमध्ये ओला पापुद्रा राहतो, आकडा ७४० आणि ७६० यांच्यात डुलत बसतो आणि बझर किडा चावल्यासारखा टिवटिवतो. म्हणून उंबरे दोन ठेवायचे. ६०० च्या खाली गेल्याशिवाय 'आलं' म्हणायचं नाही आणि ९०० च्या वर चढल्याशिवाय 'गेलं' म्हणायचं नाही. कपड्यांची इस्त्रीही अशीच चालते, एका तापमानाला बंद होते आणि बरीच थंड झाल्यावरच पुन्हा लागते.

पावसाळ्यात आमच्याकडे दिवे जातात, म्हणून पहारेकरी सेलवर चालवायचा होता. उनो बोर्ड तीन पेन्सिल सेल दोन दिवसांत संपवतो, कारण चिपपेक्षा भोवतालचं लटांबरच जास्त खातं: यूएसबीची दुसरी चिप, व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर, उगाच जळणारा दिवा. सगळं मिळून ४०-५० मिलिअँपिअर. चिप उचकटून साध्या बोर्डावर एकटी सोल्डर केली आणि तिला झोपायला शिकवलं. दर ८ सेकंदांनी ती जागी होते, मोजते आणि परत झोपते. झोपेत ती काही मायक्रोअँपिअरच घेते, म्हणजे मिलिअँपिअरचा हजारावा भाग मोजायच्या मापात.

कुणी म्हणेल, बाजारात तयार फ्लोट स्विच, म्हणजे पाण्यावर तरंगून चालू-बंद होणारं बटण, मिळतो, तो लावला असता तर? लावला असता तर काम झालं असतं, खरं आहे. टाकी भरली की मोटार आपोआप बंद होईल असं करून दे, असंही गल्लीतल्या दोघांनी सांगून पाहिलं. मी अजून हो म्हटलेलं नाही. सेलच्या साडेचार व्होल्टमध्ये चूक झाली तर बझर वाजतो, मोटारीच्या २३० व्होल्टमध्ये चूक झाली तर माणूस जातो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने वर्षभर तरी भिंतीतल्या विजेला हात लावू नये.

अक्का गोकाकहून आल्यावर त्यांनी आपल्यालाही एक डबा मागितला. तो बसवला आणि आठवड्यात तक्रार आली. त्यांच्या त्याच नळाला बोअरचंही पाणी येतं. आमच्या नळाला येणारं राकसकोप धरणाचं पाणी सह्याद्रीच्या पावसाचं, त्यात क्षार कमी. बोअरच्या पाण्यात ते भरपूर आणि क्षार जितके जास्त तितकी वीज सहज वाहते. त्यांच्या डब्यात पाणी असलं की आकडा थेट सव्वाशेवर. तिथपर्यंत ठीक होतं. पण पाणी गेलं तरी आकडा ९०० च्या वर चढेना. डबा उघडून पाहिला तर दोन्ही स्क्रूंच्या मध्ये पांढऱ्या क्षाराचा थर धरलेला, आणि तो ओल धरून बसलेला. उंबरा बदलून बघितला, पण थर वाढला की आकडा पुन्हा खाली. शेवटी प्रोग्रॅमला हात लावायचं सोडून दिलं. अक्का आता सांबाराला लिंबू पिळून झालं की उरलेली फोड घेऊन अंगणात जातात आणि डब्यातले स्क्रू घासून येतात.