सिझिजी

सिझिजी : खगोलशास्त्रातील एक अपरिचित इंग्रजी नाम. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र जवळजवळ एका रेषेत येतात ती स्थिती, म्हणजेच अमावस्या व पौर्णिमा. कोकण किनाऱ्यावर उधाणाची भरती येते ती याच सुमारास. भारतीय ज्योतिर्गणितात यासाठी ‘पर्व’ हा जुना शब्द आहे.

स्पेलिंग सहा अक्षरांचे : एस-वाय-झेड-वाय-जी-वाय. ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकही नाही. स्वराचे काम तिन्ही ठिकाणी वाय करतो. ग्रीक उप्सिलॉन लॅटिनमार्गे वाय होऊन आल्याचा हा परिणाम.

उच्चाराचे अवयव तीन, सि-झि-जी, आघात पहिल्यावर. ‘सिझिजिअल’ या विशेषणात मात्र तो दुसऱ्यावर सरकतो. मराठी जिभेला खरी अडचण मधल्या अवयवाची. ‘जाड’, ‘जू’ यांतला दंत्य ज आपल्याला सहज जमतो, पण इकाराआधी तो टिकत नाही; ‘जिरे’, ‘जीव’ यांत ज तालव्यच होतो. येथे इकार असूनही मधला ध्वनी दंत्याजवळचा, घर्षक ठेवायचा असतो आणि लगेच पुढचा ‘जी’ तालव्य म्हणायचा असतो. देवनागरीतला ‘झि’ ही केवळ सोय आहे.

घडण पाहिली की शब्द खुलतो. मूळ ग्रीक ‘सुझुगिया’ : ‘सुन्’ म्हणजे सह, ‘झुगॉन’ म्हणजे जू, शेवटी भाववाचक प्रत्यय. एका जुवाला जोडलेले असणे, हा मूळ अर्थ. ‘सिंथेसिस’मध्ये टिकलेला ‘सुन्’चा न येथे झ-पूर्वी गळतो. ‘झुगॉन’ आणि संस्कृत ‘युग’ सख्खे भाऊबंद. आपले बैलाचे जू ‘युग’वरूनच आले. ‘झायगोट’ (फलित बीजपेशी) या शब्दातही हाच धातू आहे आणि त्याचा मराठी पर्याय ‘युग्मनज’ त्याच कुळातला, हे फार सुंदर जुळले आहे.

मात्र उच्चाराचे अवयव आणि अर्थाचे घटक एकमेकांवर बसत नाहीत. इंग्रजी कोश शब्द तोडतात एस-वाय-झेड, वाय, जी-वाय असा. त्यामुळे झेड-वाय-जी हा धातू तीन तुकड्यांत विखुरतो. शिवाय शेवटच्या वायआधी जी मृदू होऊन ‘ज’ झाला, ‘झायगोट’मध्ये ओआधी तो ‘ग’च राहिला. म्हणून ही दोन नावे एका घरची आहेत, हे कानाला कळत नाही.

गणितात हा शब्द इंग्रज गणितज्ञ सिल्व्हेस्टर यांनी 19व्या शतकात आणला. बहुपदींना परस्परांशी बांधणाऱ्या संबंधांना सिझिजी म्हणतात. जर्मन गणितज्ञ हिल्बर्ट यांचा 1890 मधील प्रमेय या संबंधांविषयीच आहे.